सह्याद्रीचा काळा पाषाण, गंगोत्रीचा पांढरा ग्रॅनाइट: खडक वितळतो तरी कसा?

तुम्ही छायाचित्र जोडून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोमुख-तपोवनाच्या वाटेवर पांढरट, चमकणारा, मध्येमध्ये काळ्या कांड्या असलेला दगड सगळीकडे दिसतो. सह्याद्रीत मात्र कळसूबाईपासून महाबळेश्वरपर्यंत काळा कातळच. दोन्हींमागे भूपट्टांची हालचाल आहे आणि पृथ्वीच्या पोटातला शिलारस एकच आहे, तर दगडात एवढा फरक का? आणि भूपट्ट एकमेकांवर घासून उष्णता तयार होते व खडक वितळतो, असे असेल तर जगातली सर्वांत मोठी टक्कर जिथे चालू आहे त्या हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?

प्रश्न उत्तम आहे, पण त्यात तीन गृहीतके दडली आहेत आणि घोटाळा तिथेच होतो. एक, कवचाखाली शिलारसाचा साठा भरून ठेवलेला आहे. दोन, खडक वितळतो म्हणजे बर्फाच्या खड्यासारखा सगळाच्या सगळा वितळतो. तीन, पर्वत ज्या दगडाचा आहे तो दगड आणि त्या पर्वताची उंची या गोष्टी एकाच घटनेतून आल्या. तिन्ही चुकीची आहेत. ती बाजूला केली की दगडांतला फरक आपोआप उलगडतो.

आधीच सांगून ठेवतो: एखाद्या ठिकाणी कोणता अग्निज खडक तयार होईल याचे एका ओळीचे उत्तर नसते. ते चार गोष्टींवर ठरते: मुळात कोणता खडक वितळला, तो कशामुळे वितळला, त्यातला किती भाग वितळला, आणि तयार झालेल्या रसाचे वर येताना काय झाले. यांतली एक गोष्ट बदलली तरी हातात येणारा दगड बदलतो. आम्ही भूवैज्ञानिक दगड बघतो तेव्हाही याच चार प्रश्नांची उत्तरे शोधत असतो.

शिलारसाच्या साठ्यापासून सुरुवात करू. कवचाखालचे प्रावरण हे घन खडक आहे. भूकंपाच्या ज्या लहरी खडकाला आडव्या दिशेने हलवत जातात, त्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या सुमारे २,९०० किमी खोलीपर्यंत व्यवस्थित जातात आणि बाह्य गाभ्यापाशी अडतात. बाह्य गाभा द्रवरूप आहे खरा, पण तो मुख्यतः लोखंडाचा आहे आणि ज्वालामुखीतून तो वर येत नाही. प्रावरण घन असूनही कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने वाहते. डांबराचा गोळा हातोडीने फुटतो आणि तोच नुसता ठेवून दिला तर पसरतो, तसे. म्हणून शिलारस कुठून आला हे विचारण्याआधी हे विचारावे लागते की एरवी घन असलेला खडक नेमका इथेच का वितळला?

आता वरून बघता उत्तर सोपे वाटते: खाली उष्णता आहे म्हणून. कवचात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते हे खरे, पण खोलीबरोबर दाबही वाढतो आणि दाबाखाली खडकाचा वितळणबिंदू चढतो. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, तसाच हा प्रकार. प्रावरणाचा खडक, म्हणजे पेरिडोटाइट, कोरडा असेल तर पृष्ठभागाच्या दाबाला सुमारे १,१०० अंशांच्या थोडे वर वितळू लागतो. १०० किमी खोलीवर त्याला १,४५० अंशांपेक्षा जास्त लागतात. तिथले प्रत्यक्ष तापमान बहुतेक ठिकाणी १,४०० च्या आतबाहेर असते. म्हणजे प्रावरण तापलेले आहे, वितळण्याच्या जवळ आहे, पण सहसा वितळत नाही.

ते वितळवायचे तीन मार्ग आहेत. आणि तिन्ही मार्गांचे खडक आपल्या देशात पायाखाली आहेत.

पहिला मार्ग दाब कमी करण्याचा. कुकरमधले पाणी १२० अंशांवर असताना वाफ एकदम सोडली तर खालची आच बंद असली तरी पाणी उसळते. गरम प्रावरण वर सरकू लागले की हेच होते. वर येताना ते किलोमीटरला अर्ध्या अंशापेक्षाही कमी थंड होते, पण त्याचा वितळणबिंदू किलोमीटरला तीन-चार अंशांनी खाली येतो. कधीतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. महासागरांच्या मध्यभागी दोन भूपट्ट दूर सरकतात, तिथे हे साधारण ६० ते ७० किमी खोलीवर घडते. बाहेरून उष्णता अजिबात न देता खडक वितळू लागतो. जगातले बहुतेक बेसाल्ट अशा रीतीने तयार होते.

दुसरा मार्ग पाण्याचा. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात जाडे मीठ घातले की बर्फ शून्याच्या खालीही वितळतो. खडकाच्या बाबतीत मिठाचे काम पाणी करते. पेरिडोटाइटमध्ये पाणी शिरले की त्याचा वितळणबिंदू काही शे अंशांनी उतरतो. इथे एक विरोधाभास नीट समजून घ्यायला हवा. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तेव्हा खाली जाणारा भूपट्ट थंड असतो, तापलेल्या प्रावरणात थंड पाटी खुपसल्यासारखा. तरीही तिथेच ज्वालामुखींच्या रांगा उभ्या राहतात. कारण समुद्रतळाच्या त्या खडकातल्या खनिजांनी पाणी धरून ठेवलेले असते. खाली जाताना दाब आणि तापमान वाढते, ती खनिजे मोडतात, पाणी सुटते आणि वरच्या गरम प्रावरणात शिरते. वितळते ते मुख्यतः हे वरचे प्रावरण. म्हणून ज्वालामुखींची रांग सहसा तिथे सापडते जिथे खाली गेलेला भूपट्ट सुमारे १०० किमी खोलीवर पोचलेला असतो. अंदमानातला बॅरन बेटाचा जागृत ज्वालामुखी याच कारणाने आहे.

तिसरा मार्ग सरळ तापमान वाढवण्याचा. प्रावरणात हे फार क्वचित लागू पडते, पण जमिनीच्या कवचात लागू पडते, कारण कवचाचा खडक कितीतरी कमी तापमानाला वितळतो. हिमालयाचा पांढरा ग्रॅनाइट या मार्गाचा आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी दुसरे गृहीतक, सगळा खडक वितळतो हे. लहानपणी गारेगार चोखताना आधी रंग आणि गोडी येते आणि शेवटी काडीला पांढरा, बेचव बर्फ उरतो. साखरेचा भाग कमी तापमानाला पाझरतो, शुद्ध बर्फ मागे राहतो. खडकाचे अगदी तसेच आहे. खडक एका पदार्थाचा नसतो, चार-पाच खनिजांचा असतो आणि ती एका वेळी वितळत नाहीत. पेरिडोटाइटमध्ये हिरवे ऑलिव्हिन, दोन प्रकारची पायरोक्सीन आणि खोलीप्रमाणे स्पिनेल किंवा गार्नेट असते. वितळायला लागले की कॅल्शियमवाले पायरोक्सीन आणि स्पिनेल-गार्नेट आधी संपतात. ऑलिव्हिन बहुतांशी घनच राहते. पेरिडोटाइटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे ३८ टक्के आणि सिलिका ४५ टक्के असते. त्यातला दहाएक टक्के भाग वितळून जो रस निघतो त्यात सिलिका ४८ ते ५० टक्के आणि मॅग्नेशियम ऑक्साइड बरेच कमी. हा रस म्हणजे बेसाल्टचा मूळ रस. मूळ खडक आणि त्यातून निघालेला रस एकसारखे नसतात, हे आंशिक वितळणाचे मर्म आहे.

हाच प्रयोग पुढे चालू ठेवा. बेसाल्ट पाण्याने भिजले आणि खोलवर पुन्हा आंशिक वितळले, तर सोडियमयुक्त फेल्स्पार आणि क्वार्ट्झ असलेला फिकट खडक मिळतो. गोव्याकडे उतरताना अनमोड घाटात असे नाइस, म्हणजे दाब-उष्णतेने बदललेले पट्टेदार खडक दिसतात आणि त्यांचे वय तीनशे कोटी वर्षांहून जास्त आहे. अशा फिकट खडकांची झीज होऊन बनलेला गाळ किंवा तो खडकच पुन्हा वितळला, तर सिलिका ७० टक्क्यांच्या वर असलेला खरा ग्रॅनाइट. प्रत्येक गाळणीत हलके, सहज वितळणारे वर जाते आणि जड, हट्टी खाली राहते. खंडांचे कवच असे गाळण्या लागत लागत तयार झाले आहे. मला भूविज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती विचाराल तर हीच सांगेन.

आता सह्याद्री. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थळावरून गेला. तिथे नेहमीपेक्षा जास्त गरम प्रावरण वर येत होते. त्याच सुमारास पश्चिमेला भूपट्ट ताणला जाऊन पातळ होत होता आणि थोड्याच काळात सेशेल्स बेटांचा तुकडा सुटून निघून गेला. जाड भूपट्ट हे कुकरचे घट्ट झाकण आहे. झाकण पातळ झाले की गरम खडक जास्त वर येतो, दाब जास्त उतरतो आणि जास्त भाग वितळतो. यांत तप्त स्थळाचा वाटा किती आणि ताणाचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते नुसत्या ताणाने एवढा रस एवढ्या थोड्या काळात निघत नाही. बहुतांश लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला आणि झिजून उरलेले क्षेत्र आजही पाच लाख चौरस किमीच्या घरात आहे.

पण घाटात आपण ज्या काळ्या पाषाणावर उभे राहतो तो प्रावरणातून निघालेला पहिला रस नव्हे. दख्खनच्या बहुतेक बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड पाच ते सात टक्केच आहे. पहिल्या रसात ते दहा-बारा टक्क्यांच्या वर हवे. म्हणजे वाटेत, कवचाच्या तळाशी किंवा कवचातल्या कोठ्यांत, रस थांबला, त्यातून ऑलिव्हिन आणि पायरोक्सीन आधी गोठून खाली बसले आणि उरलेला रस वर आला. काही थरांनी तर वाटेतला जुना ग्रॅनाइटही खाल्ला. हे स्ट्राँशियम या मूलद्रव्यावरून कळते. रुबिडियम-८७ चे किरणोत्साराने हळूहळू स्ट्राँशियम-८७ होते. कवचात रुबिडियम जास्त असल्याने जुन्या कवचात स्ट्राँशियम-८७ चे प्रमाण चढते. प्रावरणातून थेट आलेल्या बेसाल्टमध्ये स्ट्राँशियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर साधारण ०.७०३ ते ०.७०५ असते. आंबेनळी घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत ते या मर्यादेच्या जवळ आहे, तर त्यांच्या खालच्या बुशे थरांत ०.७१३ च्या पुढे जाते. डोळ्यांना दोन्ही काळा पाषाणच दिसतात.

आता उत्तरेकडे जाऊ. हिमालयात दोन वेगळ्या काळांचे, दोन वेगळ्या मार्गांचे ग्रॅनाइट आहेत आणि लोक ते एकच समजतात.

लेहच्या उत्तरेला खारदुंग ला या खिंडीकडे चढताना रस्ता ज्या करड्या, काळ्या ठिपक्यांच्या खडकातून जातो, तो लडाखचा मोठा अग्निज पट्टा. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस महासागर होता तेव्हा त्याचा तळ उत्तरेकडे खाली जात होता. पाणी सुटत होते, वरचे प्रावरण वितळत होते, आज अँडीज पर्वतात चालते तसेच. त्या ज्वालामुखींच्या पोटात गोठलेले हे खडक. यांत हॉर्नब्लेंड हे काळे खनिज भरपूर असते आणि हॉर्नब्लेंडच्या रचनेतच पाणी लागते. समुद्र मिटला, भारत आशियाला भिडला, ही गोष्ट सुमारे पाच ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची. समुद्रतळ खाली जाणे थांबले, पाण्याचा पुरवठा तुटला आणि ही रांग विझली. तुमच्या ज्वालामुखींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे: हिमालयाच्या उत्तर कडेला ज्वालामुखी होते, पण ते टकरीच्या आधीचे आणि टकरीनेच बंद पडलेले.

गंगोत्रीचा पांढरा ग्रॅनाइट वेगळा. त्याचे वय सुमारे २.३ कोटी वर्षे, म्हणजे टकरीनंतर जवळजवळ तीन कोटी वर्षांनी. हा उशीर फार बोलका आहे. घर्षणाने खडक वितळत असता तर टकरीबरोबरच वितळला असता. प्रस्तरभंगावर घासून खडक वितळतो हे खरे, पण तसा वितळलेला भाग काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीच्या काचेसारख्या काळ्या शिरांपुरता असतो आणि भूकंपाच्या काही क्षणांतच गोठतो. शिवलिंग आणि भागीरथीची शिखरे त्याने होत नाहीत.

मग एवढी उष्णता कुठली? कवच जाड झाल्याची. भारताचे कवच आशियाखाली सरकले, थरांवर थर चढले आणि साधारण ३५ किमीचे कवच ७० किमीच्या आसपास गेले. कवचात पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम असते आणि त्यांच्या किरणोत्सारातून सतत थोडी थोडी उष्णता निघते. पातळ कवचातून ती निसटते. दुप्पट जाड कवचात, दुलईखाली अंग तापावे तशी, आत साठते. पण खडक उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे तापायला दोन-तीन कोटी वर्षे लागतात. नंतर तेच तापलेले खडक भंगांवरून वर सरकू लागले तेव्हा दाबही उतरला, त्याचीही मदत झाली. उष्णता आणि दाबउतार यांचा वाटा प्रत्येक खोऱ्यात सारखा नाही, एवढे ध्यानात असू द्या.

जे वितळले तो होता ५० कोटी वर्षांहूनही आधी समुद्रात साचलेला चिकणमाती-वाळूचा गाळ, तोवर अभ्रकाचा नाइस झालेला. वीसेक किलोमीटर खोलीवर, ७०० ते ७५० अंशांच्या दरम्यान त्यातले पांढरे अभ्रक मोडते. मोडताना त्याच्या रचनेतले पाणी सुटते आणि ते पाणीच शेजारच्या क्वार्ट्झ-फेल्स्पारला वितळवते. बेसाल्टला लागणाऱ्या तापमानाच्या तुलनेत हे चारशे अंशांनी कमी आहे, म्हणूनच कवचात हा मार्ग चालतो. या रसात स्ट्राँशियमचे ते गुणोत्तर ०.७४ च्या वर जाते. प्रावरणाचा त्यात हात नसल्याची ही खूण.

हे वितळणे अर्ध्यावर गोठलेले बघायचे असेल तर बद्रीनाथच्या परिसरातले मिग्मटाइट बघा. करड्या नाइसमध्ये बोटभर रुंदीचे पांढरे पट्टे वाकडेतिकडे फिरलेले असतात, दुधावरच्या सायीला सुरकुत्या पडाव्यात तसे. पांढरा पट्टा म्हणजे पाझरलेला रस. त्याच्या दोन्ही कडांना जी काळपट किनार दिसते ती म्हणजे न वितळलेले काळे अभ्रक. गारेगारचा गोड भाग आणि उरलेला बर्फ, दोन्ही एकाच दगडात. असे पट्टे एकमेकांना मिळत गेले, फटींतून वर चढले, साठले, की त्यांचे गंगोत्रीसारखे ग्रॅनाइट होतात.

आणि हा रस बाहेर का पडला नाही? दुसरे अर्धे उत्तर हे. कोरडे बेसाल्ट वर येते तसा त्याचा वितळणबिंदू उतरत जातो, म्हणून ते वर येताना द्रवच राहते आणि पृष्ठभाग गाठते. पाण्याने भरलेल्या ग्रॅनाइटच्या रसाचे उलटे होते. पाणी दाबाखालीच रसात विरघळून राहते. वर येताना दाब उतरला की पाणी रसातून सुटते आणि पाणी गेले की वितळणबिंदू चढतो. रस जागच्या जागी गोठतो, पृष्ठभागाच्या कित्येक किलोमीटर खाली. शिवाय तो बेसाल्टच्या रसापेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असतो, भराभर चढूच शकत नाही. आज शिवलिंगाच्या कड्यावर तो दिसतो, कारण वरचे किलोमीटर-किलोमीटर खडक झिजले आणि घसरून बाजूला झाले. एव्हरेस्टच्या माथ्यावर मात्र अजून समुद्री जीवाश्मांचा चुनखडक टिकून आहे.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: सह्याद्रीचा दगड प्रावरणातला, दाब उतरून वितळलेला, लडाखचा प्रावरणातला, पाणी शिरून वितळलेला, गंगोत्रीचा कवचातला, जाडीमुळे तापून वितळलेला.

राहिली उंची. हिमालय उंच आहे तो तिथल्या ग्रॅनाइटमुळे नाही, कवचाच्या जाडीमुळे. हे पहिल्यांदा भारतातल्याच मोजणीतून लक्षात आले. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणा आणि कल्याणपूर या उत्तर-दक्षिण दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवरून मोजले आणि ताऱ्यांवरूनही काढले, दोन्हींत कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा (सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक आला. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा किती ओढला जायला हवा, हे कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती प्रॅट यांनी गणिताने काढले तर १५.८८५ सेकंद निघाले. पर्वत ओढायला हवा त्याच्या एक-तृतीयांशच ओढत होता. १८५५ मध्ये इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी त्याचा खुलासा दिला: पर्वताखाली हलक्या खडकाची खोल मुळी आहे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखी.

हिशेब तुम्ही स्वतः करून बघा. कवचाची घनता घन सेंटिमीटरला २.८ ग्रॅम, प्रावरणाची ३.३ धरा. तिबेटचे पठार ५ किमी उंच. मुळीची खोली = ५ × २.८ ÷ (३.३ − २.८) = २८ किमी. नेहमीचे ३५, वरचे ५ आणि खालचे २८ मिळून ६८ किमी. भूकंपलहरींनी मोजलेली जाडी ७० च्या आसपास येते. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की एक किलोमीटर खडक झिजला तर पर्वत एक किलोमीटर बुटका होत नाही. भार कमी झाल्यावर तो सुमारे ८५० मीटर पुन्हा वर येतो. म्हणून खोल कवचात गोठलेले ग्रॅनाइट डोंगरमाथ्यांवर पोचतात.

सह्याद्रीत टक्कर नाही, वळ्या नाहीत. लाव्हाचे थर घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे आहेत, काही लोक त्याला वली पर्वतात घालतात ते चूक आहे. आपण ज्याला सह्याद्री म्हणतो तो एका पठाराचा तुटलेला काठ आहे. सेशेल्स सुटल्यावर पश्चिमेला नवा, खोलगट किनारा तयार झाला, कोकणची बाजू जोरात झिजली आणि कडा पूर्वेकडे मागे सरकत आली. कोकणातले झिजलेले ओझे कमी झाल्याने काठ थोडा उचललाही गेला. पनवेलच्या आसपास थर पश्चिमेकडे कललेले दिसतात, ही त्या काठाच्या मोडणीची खूण. कृष्णा, भीमा, गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून पूर्वेला शेकडो किलोमीटर का वाहतात, हेही यातूनच कळते: पठाराचा उतार आधीपासून पूर्वेला होता. दगड ६.६ कोटी वर्षांचा, आणि आज दिसणारा कडा त्यानंतर झिजेने कोरलेला. या लाव्हाखाली जुना ग्रॅनाइट-नाइस आहेच. किल्लारीच्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात तो ३३८ मीटरवर लागला, कोयनेच्या भागात बेसाल्टची जाडी सुमारे ९३० मीटर भरली.

आता प्रत्यक्ष दगड कसा ओळखायचा. दहा पट मोठे दाखवणारे छोटे भिंग पुरते. आधी ताजी बाजू बघा. बेसाल्टची बाहेरची तांबूस-तपकिरी साल ही गंजलेल्या लोहाची असते आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. ताज्या बाजूला फेल्स्पारच्या बारीक चकचकीत पट्ट्या दिसतील. कल्याण-नाशिककडच्या काही थरांत त्या बोटाच्या पेराएवढ्या असतात, म्हणजे तो रस बाहेर पडण्यापूर्वी कोठीत बराच काळ रेंगाळला होता. थराच्या माथ्याकडे वायूची भोके आणि त्यांत भरलेली पांढरी-हिरवी झिओलाइट खनिजे दिसतात. पुष्कळ जण या पांढऱ्या ठिपक्यांना फेल्स्पार समजतात. फरक सोपा आहे: भोक गोल किंवा बदामी असते, फेल्स्पारच्या कडा सरळ असतात.

रासायनिक तपासणीला दगड द्यायचा असेल तर चूक इथेच होते. भोकांचा भाग, लाल मातीच्या थराला चिकटलेला भाग आणि साल पूर्ण काढून आतला घट्ट तुकडा निवडा. दोन किलो ताजा दगड घेतला तर निवडीला वाव राहतो. बारीक खडे करून भिंगाखाली एकेक वेचावे लागतात. पोलादी खलात कुटल्यास क्रोमियम-लोह मिसळते, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळल्यास टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम. तापवल्यावर वजन दोन-तीन टक्क्यांहून जास्त घटले, तर त्या दगडात नंतर पाणी शिरले आहे असे समजावे आणि सोडियम, पोटॅशियम, रुबिडियमच्या आकड्यांवर विसंबू नये.

ग्रॅनाइटमध्ये आधी काळे खनिज तपासा. हॉर्नब्लेंड असेल तर लडाखसारखा, प्रावरणाकडून आलेला वंश असण्याची शक्यता जास्त. पांढरे अभ्रक, लाल गार्नेट आणि तुरमाली (टूर्मलीन हे कांड्यांसारखे वाढणारे खनिज) एकत्र असतील तर गाळ वितळून झालेला. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. दोन्ही मिसळलेले ग्रॅनाइटही असतात आणि तिथे प्रयोगशाळेशिवाय निर्णय होत नाही.

तुम्ही जोडलेल्या छायाचित्रातल्या काळ्या कांड्यांबद्दल: कांडीच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा आहेत आणि जी एक कांडी आडवी तुटलेली आहे तिचा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा दिसतो. हॉर्नब्लेंड असते तर छेद षट्कोनी वाटला असता आणि तुटलेल्या जागी सुमारे ५६ आणि १२४ अंशांत छेदणाऱ्या दोन सपाट फटी चमकल्या असत्या. तशा नाहीत. म्हणून ती तुरमाली. तुरमालीला बोरॉन लागते. प्रावरणातून आलेल्या रसात ते नगण्य असते, समुद्रतळाच्या चिकणमातीत मात्र चांगले साठते. चिकणमातीचे अभ्रक झाले तेव्हा बोरॉन त्यात टिकले, अभ्रक मोडले तेव्हा ते रसात उतरले आणि रस गोठता गोठता या कांड्यांत बसले. पुढच्या वेळी भोजबासाच्या पुढे नदीकाठचे मोठे गोटे बघा. हातोडी लावू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. ओला गोटा भिंगाखाली धरला की कांड्यांच्या शेजारी टाचणीच्या डोक्याएवढे लालसर गार्नेटही सापडतील.